मीटरवाले तायडेकाका

तायडेकाका कुणाच्याही वावरात गेले की आधी माणसाशी बोलत नसत. विहिरीच्या काठावर उकिडवे बसायचे, डोक्याचा रुमाल सोडून मांडीवर ठेवायचे आणि चालू मोटारीच्या पाइपाला कान लावायचे. वावराचा मालक बिचारा ‘या काका, बसा काका’ म्हणत उभा. काका त्याला हातानंच गप्प राहायची खूण करत. दोनेक मिनिटांनी कान काढून म्हणत, "खालचा वॉल गळून राह्यला तुमचा. आज ना उद्या पानी सोडन तो." मग रुमाल पुन्हा बांधायचे आणि घरच्यांची खुशाली विचारायचे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आलं. म्हातारा नाटकी आहे, असं वाटलं. संध्याकाळी पाइपाच्या तळाचा तो वॉल्व्ह बाहेर काढला तर खरंच त्याचं रबर फाटलेलं होतं.

मी तेव्हा वरुडच्या एका सरकारी कार्यालयात अकरा महिन्यांच्या करारावर लागले होते. गाव माझं बार्शीटाकळी. घरी कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. पदवी नवी, स्कूटी नवी आणि गळ्यातलं ओळखपत्र तर फारच नवं. संत्र्याच्या बागांनी उपसून उपसून त्या भागातलं जमिनीतलं पाणी पार तळाला नेलं होतं, म्हणून ओलिताच्या प्रत्येक खासगी विहिरीवर मीटर बसवायचा हुकूम निघाला होता. मुदतीत मीटर बसलं नाही तर मोटारीची वीज कापणार. गरीब शेतकऱ्यांना मीटरची किंमत परत मिळणार होती, नाही असं नाही. पण आधी स्वतः विकत घ्यायचं, बसवायचं, ते चालतं आहे हे महिनाभराच्या आकड्यांनी दाखवायचं आणि मग मदत. आधी घालायलाच ज्यांच्याकडे काही नाही त्यांनी काय करायचं, हे त्या कागदात कुठंही लिहिलेलं नव्हतं.

शेंदूरजनाघाटाजवळच्या एका लहान गावात हे सगळं समजावून सांगायला मी गेले. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पन्नासेक माणसं बसली होती. मी तोंडपाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. शेवटी मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या एका उंच, काटक म्हाताऱ्यानं विचारलं, "मॅडम, वापस द्याचेच हाय तं आधीच काहून देत नाही?" नियम आहे, एवढंच मी म्हणाले. लोक हसतील असं वाटलं, पण तो म्हातारा गंभीरपणे मान हलवून म्हणाला, "असन. नियम तुमी थोडीच केला? मंग आपन त्या नियमात बसन असं काईतरी पाहू." ‘आपण’ म्हणाला तो. त्या तालुक्यात मला धरून ‘आपण’ म्हणणारा तो पहिला माणूस.

तेच तायडेकाका. बडनेऱ्याला रेल्वेत फिटर म्हणून उभी हयात काढली आणि निवृत्त झाल्यावर जन्मगावी परत आले. काकू आधीच गेलेल्या, मुलगी बडनेऱ्यातच दिलेली. स्वतःची गुंठाभरही जमीन नाही. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली लाकडी फळीवर पाने, पकडी, आऱ्या आकाराप्रमाणे मांडलेल्या. फळीवरून एखादं हत्यार उचललं की त्या जागी ते खडूनं खूण करून ठेवत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "रिकामी जागा दिसली पायजे माय. नाई तं वस्तू गेली हे समजतच नाही." मला ते ‘माय’ म्हणत. चेष्टेत असले की ‘मीटरवाली मॅडम’. पुढे गाव त्यांनाच मीटरवाले म्हणायला लागलं ती गोष्ट वेगळी.

सभेच्या दुसऱ्याच दिवशी ते मला घेऊन शेंदूरजनाघाटातल्या एका पाइपच्या दुकानात गेले. दुकानदार त्यांच्या ओळखीचा. काकांनी चहा घेतला, त्याच्या गुडघ्याची चौकशी केली, तेल कोणतं चोळायचं ते सांगितलं, आणि मग सहज बोलावं तसं म्हणाले की बारा मीटरं माझ्या शब्दावर दे, सरकारची मदत आली की तुझं तुला मिळेल. दुकानदार बराच वेळ दाढी खाजवत बसला. शेवटी तयार झाला, पण एका अटीवर: ज्याची मदत येणार नाही त्याचं मीटर तो काढून नेणार. काका म्हणाले, "कबूल. माह्याच हातानं खोलून देतो." बाहेर आल्यावर मी विचारलं, एखाद्याची मदत अडकली तर हो? ते म्हणाले, "तं मंग तू कायले हाय?"

आता बारा मीटरं कुणाची? गावात गरजू बारापेक्षा जास्त, आणि न-गरजूंनाही अचानक गरज आठवलेली. काका घरोघर फिरले. यादी केली ती उत्पन्नाचे दाखले बघून नाही. कुणाची बाई दुसऱ्याच्या बागेत तोडणीला जाते, कुणाच्या घरी म्हातारं अंथरुणाला खिळलंय, कुणाचं झाड अजून फळावर यायचंय, हे बघून. एक बऱ्यापैकी खातापिता माणूस भांडायला आला तर त्याला म्हणाले, "भाऊ, तुह्या घरी दोन फटफट्या उभ्या हाय. तू रांगेत उभा राहू नको, निस्तं पाहा." तो माणूस रागानं निघून गेला आणि आठवड्यानं स्वतःच्या पैशानं मीटर घेऊन त्यांच्याकडेच बसवायला आला. काकांनी बसवून दिलं. राग धरायला त्यांना फुरसतच नसायची.

फुकट हा शब्द मात्र त्यांना चालत नसे. बसवण्याची मजुरी ते घेत नसत, पण त्यांनी त्याची सावड लावली होती. आज तुझ्या विहिरीवर मीटर बसतं आहे ना, तर उद्या ज्याच्याकडे बसेल त्याच्याकडे तू एक दिवस यायचं. पाइप कापताना धरायचा, मीटरखाली ओटा बांधायला रेती-गिट्टी वाहायची. एका घरातून माणूस येऊ शकत नव्हता, तर तिथल्या आजींनी सगळ्यांसाठी भाकरी आणि झुणका पाठवला आणि काकांनी ती त्यांची पाळी धरली. "मदत म्हनलं का मान खाली जाते," ते म्हणत, "सावड म्हनलं का मानूस डब्बा घेऊन येते." मी स्वतः दोन दिवस गिट्टी वाहिली. घरी फोनवर सांगितलं तर आईला वाटलं, माझी नोकरी गेली.

या सगळ्यात एक विहीर आली ती जुनी, दगडी बांधकामाची, गावातल्या एका जुन्या कुणबी घराची. आता त्या घराचीही वाटणी होऊन होऊन दोन एकर उरलेले. काका आत उतरून पाइप बघून वर आले, हात पुसले आणि मला म्हणाले, "इथं माही माय घागर घेऊन उभी राहे. दुरून. कोनी वाढलं तं पानी, नाई वाढलं तं ऊन." घरातली सून चहा घेऊन आली, काकांनी कप घेतला आणि तिला साखर कमी झाली म्हणून चिडवलं. मग त्या विहिरीचं मीटर इतरांपेक्षा जरा जास्तच निगुतीनं बसवलं, असं मला तरी वाटलं.

मीटर बसलं की काम संपलं असं त्यांच्या लेखी नव्हतं. त्यांच्याकडे एक निळं टिपाड होतं, दोनशे लिटरचं. ते सायकलला बांधून ते वावरात आणत. घरातल्या सगळ्यांना गोळा करत, मोटर लावत आणि टिपाड काठोकाठ भरलं की मीटरचा आकडा वाचायला लावत. तोही घरातल्या बाईला. "तुमच्या डोयानं पाहा. दोनशे आला का? मंग हे खरं बोलते. आता कोनी म्हनलं का मीटर पयते, तं त्याले टिपाड दाखवा." लोकांना मीटरची भीती होती, ती त्या निळ्या टिपाडानं घालवली. माझ्या माहितीपत्रकांचे गठ्ठे पंचायतीत तसेच पडून होते.

बारांपैकी पहिलं मीटर बसलं ते कमलाबाईंच्या विहिरीवर. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, दीड एकर वावर, त्यात दीडशेच्या आसपास संत्र्याची झाडं. नवऱ्यानं लावलेली, बाईंनी एकटीनं वाढवलेली. उन्हाळ्यात विहीर आटली की डोक्यावर पाणी वाहून जगवलेली ती झाडं त्या वर्षी पहिल्यांदा भरून बहार धरणार होती. दिवसा त्या दुसऱ्यांच्या बागेत तोडणीला जात आणि संध्याकाळी आपल्या झाडांत. बोलणं अगदी मोजकं. मीटरचा आकडा त्यांनी टिपाडासमोर मोठ्यानं वाचला तेव्हा मला त्यांचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकू आला.

आणि नेमका त्यांच्याच बाबतीत मी घोळ घातला.

डिसेंबरात मी सगळ्या मीटरांचे आकडे टिपून आणले. तीन आठवड्यांनी परत गेले. अकरा मीटरं थोडी ना थोडी पुढे सरकली होती, कारण त्यांच्या वावरात गहू होता, हरभरा होता. कमलाबाईंच्या मीटरचा आकडा मात्र जागचा हललेला नव्हता. बाई तोडणीला गेलेल्या, आसपास कुणी नाही. झाडांची पानं माना टाकल्यासारखी दिसत होती. कापसाच्या मुलखातली मी. आमच्याकडे पाणी असून झाड वाळवतं कोण? मीटर बंद पडलं, त्यामुळे घाबरून बाईंनी मोटरही लावली नसेल, असा सगळा कार्यकारणभाव मी तिथल्या तिथं जुळवला आणि शेऱ्याच्या रकान्यात ठळक लिहिलं: मीटर बंद. साहेबांनी सही केली. चार दिवसांनी कमलाबाईंना पत्र गेलं की आठ दिवसांत मीटर चालू असल्याचं दिसलं नाही तर मदत रद्द होईल आणि वीज कापली जाईल.

संत्र्याला ताण देतात, हे मला ठाऊकच नव्हतं. आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरात झाडाचं पाणी तोडायचं, महिना-दीड महिना त्याला तहानलेलं ठेवायचं आणि मग पाणी सोडायचं. तेव्हा ते फुलतं. मधेच पाणी दिलं तर नुसती पालवी फुटते आणि वर्ष हातचं जातं. त्या भागातलं शेंबडं पोरही हे सांगेल. मी विचारलं नाही, म्हणून कुणी सांगितलं नाही.

पत्र आलं त्या दुपारी काका सायकलवर नाही, एसटीनं वरुडला माझ्या कार्यालयात आले. मला बाहेर लिंबाखाली बोलावलं आणि ताण म्हणजे काय ते शांतपणे सांगितलं. मग म्हणाले की शेजाऱ्यांनी बाईंना मोटर लावायचा सल्ला दिला आहे. दोन तास लाव, आकडा हलेल, वीज तर वाचेल. कमलाबाईंचा हात स्टार्टरवर होता. एका शहाण्यानं वेगळी तोड काढली होती: पाइप वळवून पाणी परत विहिरीतच सोडायचं, झाडांना थेंब जाणार नाही आणि मीटर फिरत राहील. मला ती युक्ती एकदम पसंत पडली. तसं बोललेही. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघू लागले.

"खोटा आकडा एक डाव लिवला," ते म्हणाले, "का मंग खऱ्यालेही कोनी इचारत नाही. बाराच्या बारा मीटरं गेली समज."

मग मी दुसरी वाट काढली. म्हटलं, मी लिहिते की तुमच्याकडून मीटर दुरुस्त करून घेतलं, आता चालू आहे. म्हणजे बाईही सुटतील आणि मीही. माझा करार पुढच्याच महिन्यात संपत होता, नूतनीकरण साहेबांच्या हातात होतं. चुकीच्या शेऱ्यानं एका विधवेची वीज कापायला निघाले होते, हे मी स्वतः होऊन लिहून देणं म्हणजे घरी जायची तयारीच. हेही मी त्यांना सांगून टाकलं. लाज वाटत होती, पण सांगितलं.

काकांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. "दुरुस्त काय केलं म्या?" ते म्हणाले. "ते बिघडलंच नव्हतं माय. बिघडलं होतं ते तुह्या शेऱ्यात. तुही नोकरी मले प्यारी हाय, पन त्या बाईची झाडंही प्यारी हाय. आता तू पाहा." आणि लिंबाच्या पारावर बसून त्यांनी बिडी पेटवली. लिहून दे म्हणाले नाहीत, निघूनही गेले नाहीत.

मी आत जाऊन बराच वेळ रजिस्टर उघडून बसले. शेवटी जुना शेरा खोडायला पेन टेकवलं, तर खिडकीशी काका उभे. "खोडू नको. त्याच्या खाली बरोबर लिही. खोडलेलं दिसलं का दोनीही खोटं वाटते." मी खाली लिहिलं की सदर शेरा माझ्या अज्ञानानं नोंदवला गेला, बाग ताणावर असल्यामुळे मोटर बंद होती, मीटर सुस्थितीत आहे, प्रत्यक्ष तपासणी व्हावी. सही केली आणि रजिस्टर साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, बरंचसं रास्तच होतं. पण तिसऱ्या दिवशी ते जीपनं आले. काकांनी निळं टिपाड मांडलं, मोटर लावली, टिपाड भरलं, कमलाबाईंनी आकडा वाचला. दोनशे. गावातल्या बायका घागरी घेऊन तयारच होत्या, ते पाणी त्यांनी वाटून नेलं आणि झाडांकडे एक ओहळसुद्धा गेला नाही. साहेबांनी स्वतःच्या हातानं शेरा लिहिला. महिनाभर आकडे दाखवायची अट त्यांनी ताण संपेपर्यंत पुढे ढकलली. माझा करार मात्र त्या खेपेला तीनच महिन्यांनी वाढला.

जानेवारी सरता सरता कमलाबाईंनी बागेला पाणी सोडलं, मीटर फिरायला लागलं आणि फेब्रुवारीत त्या बागेत शिरलं की वासानं डोकं गरगरायचं. मदत बाराही घरांना मिळाली. दुकानदाराला एकही मीटर काढून न्यावं लागलं नाही. पुढच्या हंगामात त्यानं आपणहून काकांना विचारलं, आणखी किती पाहिजेत.

मी नंतर अकोल्याला दुसऱ्या नोकरीवर गेले. काकांना दम्यानं गाठलं आणि मुलगी त्यांना बडनेऱ्याला घेऊन गेली. अमरावतीला काम निघालं की मी वाटेत बडनेऱ्याला उतरत असे. शेवटच्या भेटीत ते खाटेवर उशीला टेकून बसले होते, बोलताना धाप लागत होती. मी त्यांचे आभार मानायला लागले. तुम्ही माझी चूक गावात कुणाला कळू दिली नाही, तुम्ही मला वाचवलं, असं काहीबाही. ते हसले. "मले कायले म्हनते? म्या निस्त्या गोष्टी केल्या. मोटर लावाची का नाही, ते कमलाबाईच्या हाती होतं. पाय धराचे तं तिचे धर." मी तेव्हा मान डोलावली. गेले मात्र नाही. काय तोंडानं जायचं, हा प्रश्न होताच.

गेल्या श्रावणात काका गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी बडनेऱ्याला गेले तेव्हा गावाहून पंधरा-वीस माणसं आली होती, पहाटेच्या एसटीनं. त्यात कमलाबाई होत्या. जेवणं झाल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि इतकी वर्षं आत राहिलेलं एका दमात बोलून टाकलं. ते पत्र माझ्यामुळे आलं होतं, मीटर बंद असं मीच लिहिलं होतं, मला माफ करा.

कमलाबाईंना जरासुद्धा नवल वाटलं नाही. पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "मले मालूम होतं बाई. भाऊनं त्याच दिवशी सांगतलं होतं, सकाऊन."

"सकाळी?" मी म्हणाले. माझ्याकडे तर ते दुपारी आले होते. तोवर मी काही लिहिलेलं नव्हतं. लिहायचं ठरवलंसुद्धा नव्हतं.

"हो. माहा हात स्टार्टरवर होता. भाऊ धापा टाकत आले. म्हने, थांब कमलाबाई. त्या पोरीकून चूक झाली हाय, पन थे पोरगी लिहून देते. तिचा शब्द मी देतो. म्हनून म्या मोटर लावली नाही."

लिंबाच्या पारावर बिडी ओढत बसलेले काका मला आठवले. मी आत पेन हातात धरून पळवाट शोधत होते आणि बाहेर तो माणूस माझा शब्द आधीच देऊन बसला होता. एका बाईनं त्या शब्दावर आपलं वर्ष लावलं होतं, आणि त्यांनी मला त्याचा अवाक्षरानंही धाक घातला नव्हता. मी कमलाबाईंचा हात धरला. मला रडू आवरेना, आणि त्या आपल्या मला थोपटत म्हणत होत्या, "दिलं ना तुमी लिहून. मंग?"